कोरियाचे नाव घेऊन आमच्या शेड बंद करू नका

अनगोळकर

१९६१ साली दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न शंभर डॉलरांच्या आत होते, म्हणजे तो देश आपल्याच पंगतीत बसलेला होता. आज तो जहाजे, मोटारी आणि मेमरी चिप जगाला विकतो, आणि हे घडवले सॅमसंग, ह्युंदाई, एलजी, एसके अशा मोजक्या घराण्यांनी. आपण नेमके उलट केले. १९६९ चा मक्तेदारी कायदा करून मोठ्यांचे हातपाय बांधले, आणि शेकडो वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवून लहानांना लहानच राहण्याचे बक्षीस दिले. त्याचा परिणाम आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज दिसतो. दोन-दोन लेथच्या शेड, एकच पार्ट बनवणारे दहा जण, आणि एकमेकांचा भाव पाडण्याची शर्यत. सरकारने दहा समर्थ उद्योगसमूह निवडावेत, त्यांना जमीन, वीज आणि स्वस्त कर्ज द्यावे आणि निर्यात त्यांच्यावर सोपवावी. लहान शेड बंद पडतील किंवा मोठ्यांत विलीन होतील. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

अनगोळकर, शेवटचे वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसलो आहे, त्यामुळे ते लांबेल.

तुम्ही कोरियाची गोष्ट मधूनच सुरू केली आहे. मे १९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली, आणि त्यानंतर काही दिवसांतच देशातले आघाडीचे व्यापारी बेकायदा संपत्ती जमवल्याच्या आरोपाखाली अटकेत गेले. सॅमसंगचे संस्थापक ली ब्युंग-चुल त्या वेळी जपानमध्ये होते म्हणून सुटले. परत येऊन त्यांनी पार्क यांची भेट घेतली आणि शेवटी तडजोड अशी झाली की या मंडळींनी तुरुंगाऐवजी सरकार सांगेल ते कारखाने उभारावेत. त्याच वर्षी बँकांमधले या धनिकांचे समभाग सरकारने ताब्यात घेतले. म्हणजे ज्या घराण्यांचे तुम्ही गुणगान करता, त्यांच्या हातात त्या काळात पैसाच नव्हता. पैसा सरकारच्या हातात होता आणि तो मिळवायचा असेल तर माल परदेशी गेल्याचे दाखवावे लागत होते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात साध्या बँक कर्जाचा व्याजदर वीस टक्क्यांच्या वर होता, तर निर्यातीसाठीचे कर्ज सहा टक्क्यांच्या आसपास मिळत होते. हा फरकच एखाद्या कंपनीला तारायला किंवा बुडवायला पुरेसा होता, आणि तो परदेशी ग्राहकाच्या पतपत्रावर, म्हणजे त्याच्या बँकेच्या हमीवर, मिळत होता, कोणाच्या आडनावावर नाही. निर्यातीचा आढावा दर महिन्याला राष्ट्राध्यक्षांच्या समोर होत असे. १९६६ मध्ये सॅमसंगच्या खत कारखान्याच्या नावाखाली सॅकरिन या कृत्रिम गोडीच्या पदार्थाची तस्करी उघडकीस आली, तेव्हा त्या कारखान्याचा बहुसंख्य हिस्सा ली यांना सरकारला द्यावा लागला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या दहांत असलेली बहुतेक घराणी पुढे त्या यादीत उरली नाहीत. ज्याला निर्यात जमली नाही तो मागे पडला, आणि त्याच्या जागी नवा आला.

आता तुमची सूचना बघा. दहा जणांना जमीन द्या, वीज द्या, कर्ज द्या. त्यांच्याकडून काय घ्यायचे, आणि नाही जमले तर काय काढून घ्यायचे, याबद्दल तुमच्या लिखाणात एक अक्षर नाही. हा कोरियाचा अर्धाच धडा आहे, आणि तो सोपा अर्धा आहे.

राहिल्या आमच्या शेड. माझ्याकडे आज सकाळी जे पंपाचे हाउसिंग साच्यातून निघाले, ते फेटलिंग होऊन, म्हणजे कडा घासून साफ होऊन, मशिनिंगला जाऊन, एका मोठ्या समूहाच्या पंपात बसेल आणि तो पंप आफ्रिकेत जाईल. निर्यातीच्या आकड्यात तो त्या समूहाच्या नावावर चढेल. वाळूचा ओलावा थोडा जास्त झाला म्हणून ब्लोहोल, म्हणजे धातूत हवेच्या पोकळ्या, आले तर तो तुकडा परत माझ्याच दारात येतो. निर्यात ‘मोठ्यांवर सोपवा’ म्हणताना ती आधीपासून कोणाच्या भट्टीत ओतली जाते, हे उद्यमबाग, मच्छे आणि होनगा इथे येऊन एकदा बघून जा.

अनगोळकर

तुमची भट्टी मी पाहिली आहे आणि तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण प्रश्न कष्टांचा नाही, आवाक्याचा आहे.

१९७२ मध्ये उल्सानच्या किनाऱ्यावर ह्युंदाईने गोदी बांधायला घेतली, तेव्हा त्या कंपनीने एकही मोठे जहाज बांधलेले नव्हते. तरीही तिचे संस्थापक चुंग जू-युंग यांनी ग्रीक मालकाकडून प्रत्येकी दोन लाख साठ हजार टनांच्या दोन तेलवाहू जहाजांची मागणी मिळवली, ब्रिटिश बँकेचे कर्ज उभे केले, आणि गोदी व जहाज एकाच वेळी बांधत १९७४ मध्ये पहिले जहाज पाण्यात सोडले. बांधकामातला नफा, रस्त्यांच्या ठेक्यातून आलेली माणसे, सिमेंट, यंत्रे हे सर्व एका छत्राखाली असल्याशिवाय हे शक्य नव्हते. तुमच्यासारख्या शंभर शेडनी संघ स्थापन केला असता तर सचिव कोण यावरच दोन वर्षे गेली असती. १९६४ साली त्या देशाची निर्यात दहा कोटी डॉलरवर गेली म्हणून त्यांनी निर्यात दिन सुरू केला, आणि १९७७ मध्ये तीच निर्यात एक हजार कोटी डॉलरवर पोचली. ही झेप लहान शेडच्या बळावर येत नाही.

सरकारने शिस्त लावली हे मला मान्य आहे. शिस्त लावायला समोर कोणीतरी मोठे असावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

दोघांनीही कोरिया पुरता धरला आणि शेजारचा तैवान सोडला. तैवाननेही त्याच दशकांत निर्यातीवरच प्रगती केली, आणि त्याच्या निर्यातीतला निम्म्याहून अधिक वाटा दीर्घकाळ लहान आणि मध्यम कारखान्यांचा होता. सायकली, शिवणयंत्रे, खेळणी, पुढे संगणकाचे भाग, हे सर्व गल्लीबोळांतल्या शेडमध्येच बनत होते. तिथल्या सरकारने वरच्या टोकाला पोलाद आणि पेट्रोरसायने स्वतःकडे ठेवली, १९७३ मध्ये औद्योगिक संशोधन संस्था काढली, १९८० मध्ये शिंचूचे विज्ञान उद्यान उभारले, आणि १९८७ मध्ये त्यातूनच चिप बनवणारी टीएसएमसी निघाली. लहानांना जे एकट्याने परवडत नाही ते सरकारने सामाईक करून दिले. कोरियातही पोहांगचा पोलाद कारखाना १९६८ मध्ये सरकारनेच काढला आणि त्यात जपानकडून मिळालेला भरपाईचा पैसा घातला, हे अनगोळकरांनी ध्यानात घ्यावे. जहाज ह्युंदाईचे होते, पण पोलाद सरकारी होते.

आणि मोठ्यांची किंमतही मोठी असते. जानेवारी १९९७ मध्ये हानबो हा पोलाद समूह कर्जाखाली कोसळला, त्याच वर्षी किया ही मोटार कंपनी अडचणीत आली, वर्षाच्या अखेरीस देशाला नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले, आणि १९९९ मध्ये दैवूसारखा आघाडीचा समूह बुडाला. लोकांनी आपल्या अंगावरचे सोने सरकारकडे आणून दिले. त्याच तडाख्यातून तैवान पुष्कळच सुखरूप बाहेर पडला.

बेळगावकरांना मी आणखी एक आठवण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते याच गावात, आणि लोखंडी नांगरही इथेच सुरू झाला. नगरपालिकेला जागा हवी झाली, त्यांना कारखाना हलवावा लागला, आणि १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले तेव्हा किर्लोस्करवाडी उभी राहिली. मोठा समूह आकाशातून पडत नाही, तो कोणाच्या तरी लहान शेडमधून निघतो. ती शेड बंद पडण्याबद्दल हळहळ वाटलीच पाहिजे.

वडगावची विणकरकन्या

सर, तुम्ही जमीन, पोलाद, कर्ज सर्व सांगितले आणि माणसांना विसरलात. त्या एक हजार कोटी डॉलरांमध्ये केसांचे टोप, शर्ट आणि बूट होते, आणि ते शिवणाऱ्या बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्यॉंगह्वा बाजारात जॉन ते-इल या बावीस वर्षांच्या कामगाराने कामगार कायद्याची प्रत हातात घेऊन स्वतःला पेटवून घेतले, कारण तो कायदा पुस्तकात होता आणि शिलाईच्या खोल्यांत नव्हता. १९७९ मध्ये वायएच या टोप निर्यात करणाऱ्या कंपनीच्या मुलींनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या दिला, पोलीस आत घुसले, आणि एक मुलगी जिवानिशी गेली. तुमची निर्यातीची झेप यांच्या पाठीवरून गेली आहे.

माझ्या आईने खासबागेत आयुष्यभर मागावर काढले. संध्याकाळी तिची बोटे सुजलेली असत आणि तरीही ती ताण्याला गाठी मारत बसे. घरात मोठा मालक कधीच आला नाही, पण साडीचा भाव मात्र नेहमी दुसऱ्यानेच ठरवला. तेव्हा ‘हळहळण्याचे कारण नाही’ हे वाक्य कोणी लिहू नये. हळहळ आम्ही वाटून घेतली आहे.

अनगोळकर

ताई, तुमच्या आईंबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते, हे लक्षात आले का? प्यॉंगह्वा बाजारातल्या त्या शिलाईच्या खोल्या कुठल्याही मोठ्या घराण्याच्या नव्हत्या, त्या लहान मालकांच्या होत्या. उभे राहता येणार नाही इतक्या बुटक्या माळ्यांवर मुलींना बसवणारे मालक तुमच्या फौंड्रीवाल्यांसारखेच लघुउद्योजक होते. मोठ्या कारखान्यात निदान संघटना उभी राहते. १९८७ मध्ये उल्सानच्या कामगारांनी संप केला तेव्हा त्यांनी पगारवाढ मिळवली, कारण ते हजारोंच्या संख्येने एका फाटकातून बाहेर पडले. फौंड्रीवाल्यांनी आता सांगावे, त्यांच्या शेडमध्ये किती जणांचा पीएफ भरला जातो?

फौंड्रीवाला, उद्यमबाग

माझ्या शेडमध्ये मोल्डरपासून फेटलरपर्यंत प्रत्येकाचा पीएफ आणि ईएसआय हा आजारपणाचा विमा भरला जातो, आणि हा प्रश्न जाहीरपणे विचारण्याआधी तुम्ही मला विचारायला हवा होता. ज्यांच्याकडे भरला जात नाही त्यांची बाजू मी घेणार नाही. पण तो का भरला जात नाही, हे तुम्हाला सांगतो.

माल जातो, चलन सही होते, आणि मग पैशांची वाट सुरू होते. कायद्यात पंचेचाळीस दिवस लिहिले आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे, आणि ते व्याज मागितलेला पुरवठादार मी अजून पाहिलेला नाही, कारण मागितले की पुढची ऑर्डर येत नाही. आम्ही भंगार आणि पिग आयर्न, म्हणजे कच्चे लोखंड, रोखीने घेतो, विजेचे बिल महिन्याला भरतो, आणि मोठ्या समूहाला तीन-तीन महिने बिनव्याजी कर्ज देतो. कोरियातल्या समूहांना सरकार सहा टक्क्यांनी कर्ज देत होते. इथे ते काम आम्हीच शून्य टक्क्याने करतो.

निपाणीकर व्यापारी

तुम्ही निदान उत्पादक आहात. तंबाखू आणि भंगार दोन्हींचा व्यापार करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या पंचेचाळीस दिवसांचा आधारच नाही, कारण उशिरा मिळणाऱ्या पैशांचे संरक्षण व्यापाऱ्यांना लागू नाही. आणि सीमाभागाची पीडा कोणी बोलत नाही. जीएसटी येण्याआधी कागल, शिरोलीला माल पाठवायचा म्हणजे कोगनोळी नाक्यावर गाडी उभी, आणि नंतर परराज्यातल्या विक्रीला कमी कर लागावा म्हणून लागणाऱ्या सी फॉर्मसाठी गिऱ्हाइकाच्या दारात खेटे. फॉर्म मिळाला नाही तर फरकाचा कर आमच्या खिशातून जात होता. पस्तीस-चाळीस किलोमीटरांवरच्या कोल्हापूरशी आम्ही परदेशासारखा व्यापार केला. ज्या वर्षांत कोरिया जगाला विकत होता, त्याच वर्षांत आम्ही नाका ओलांडण्यात दमलो. मग इथे मोठा उद्योग का आला नाही म्हणून विचारता?

खानापूरकर, सध्या पुणे

नाका आता गेला आहे, दादा, आणि त्या रडगाण्याने फौंड्रीवाल्यांचा मुद्दा बाजूला पडतो. तो मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून लिहितो. एका मोठ्या कंपनीत पुरवठादार सांभाळणे हेच माझे काम आहे.

बेळगावची मशिनिंग चांगली आहे, हे मी गावचा म्हणून बोलत नाही. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातून विमानांचे सुटे भाग परदेशी जातात, आणि ते काम करणारी मुले याच जिल्ह्यातली आहेत. पण ओतकामात शंभरांत चार तुकडे नाकारले गेले की माझी असेंब्ली लाइन थांबते, आणि मग हिशेब विभाग बिल अडवून ठेवतो. कोरियन मोटार कंपनी १९९८ मध्ये श्रीपेरंबुदूरहून गाड्या काढू लागली, तेव्हा ती आपले अनेक पुरवठादार कोरियातून बरोबर घेऊन आली. ते पुरवठादारही एके काळी लहानच होते. त्यांना त्या कंपनीने माणसे पाठवून शिकवले, साचे दिले, मापन दिले. आपल्याकडे आम्ही पत्र पाठवतो आणि डेबिट नोट लावतो, म्हणजे बिलातून पैसे कापतो. हे मी खरेदी विभागात बसून कबूल करतो.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

कबुलीबद्दल आभार मानतो, पण डेबिट नोट लावून तुम्ही थांबत नाही. प्राप्तिकर कायद्यात ४३ बी (एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. आम्हाला वाटले, आता सुटलो. त्यानंतर एका खरेदीदाराने मला फोनवर सांगितले की तुमची नोंद मध्यम उद्योग म्हणून करून घ्या, नाहीतर दुसरा पुरवठादार शोधतो. मध्यम उद्योगाला ते कलम लागू नाही, हे त्याला माझ्याआधी कळले होते. ही ताकद तुम्ही आणखी दहा जणांच्या हाती द्यायला निघाला आहात, अनगोळकर.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

मूळ प्रश्नाशी या वादाचा संबंध आहे, म्हणून तो थांबवत नाही. कोरियातही समूहांनी पुरवठादारांना असेच पिळले होते, आणि म्हणून १९८४ मध्ये त्या देशाला उपकंत्राटांच्या न्याय्य व्यवहाराचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात माल मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन आहे. समूह वाढवल्यानंतर वीस वर्षांनी सरकारला हे सुचले. आपण समूह वाढवतानाच ते लिहून ठेवू शकतो.

खानापूरकर, सध्या पुणे

मान्य आहे, पण पार्क यांची पद्धत आज जशीच्या तशी वापरता येणार नाही, हेही सांगायला हवे. निर्यातीच्या अटीवर सवलत देणे जागतिक व्यापार संघटनेच्या करारात निषिद्ध आहे, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिच्या न्यायपीठाने आपल्या अशाच योजनांच्या विरोधात निकाल दिला. म्हणून २०२० मधली उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना वाढीव विक्रीशी बांधली आहे, निर्यातीशी नाही. ‘माल परदेशी पाठव नाहीतर कर्ज बंद’ असे म्हणण्याची सोय आपल्या सरकारला उरलेली नाही.

अनगोळकर

याच कारणासाठी मी दहा समूह म्हणालो. अट घालता येत नसेल तर समर्थ माणूसच निवडावा लागतो. तरी इतके मी मान्य करतो की पुरवठादाराचे पैसे अडवून ठेवणाऱ्या समूहाला समर्थ म्हणता येणार नाही. त्याला सवलत मिळू नये. याहून पुढे मी येणार नाही, आणि शेड बंद पडण्याबद्दलचे माझे मत तसेच आहे.

वडगावची विणकरकन्या

तसेच असेल तर तसेच राहू द्या, पण ‘समर्थ’ ठरवणार कोण हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. कोरियात ते परदेशी ग्राहकाने ठरवले. इथे ते मंत्रालयात बसलेला माणूस ठरवणार असेल, तर यादीत कोणाची आडनावे येतील ते वडगावात कोणालाही विचारा.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

अनगोळकर एक पाऊल आलेत, तेवढ्यावर मी पुढचे मागतो. निर्यातीची अट घालता येत नसली तरी पुरवठादाराचे पैसे मुदतीत देण्याची अट घालायला कोणताही करार आडवा येत नाही. दोनशे पन्नास कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल वटवण्याच्या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची झालेली आहेच. प्रोत्साहनाचा प्रत्येक हप्ता देण्याआधी त्या समूहाने ट्रेड्सवर किती बिले, किती दिवसांत स्वीकारली ते तपासावे, आणि उशीर असेल तर हप्ता रोखावा.

खानापूरकर, सध्या पुणे

नोंदणी सक्तीची आहे, काका, बिल स्वीकारणे सक्तीचे नाही. तिथे बिल टाकले तरी खरेदीदाराने मान्यता दिल्याशिवाय बँक पैसे देत नाही, आणि मान्यता अडवून ठेवायला कारण लागत नाही.

फौंड्रीवाला, उद्यमबाग

२००६ च्या कायद्यात लिहिले आहे की पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरावे. तेच ट्रेड्सला लावा. सोळाव्या दिवशी बिल आपोआप मान्य व्हावे.

अनगोळकर

लावा. पण मग शंभरांत चार तुकडे परत आले तर त्याचा भुर्दंडही पंधरा दिवसांतच तुम्ही भरायचा. ते लिहून देणार का?

फौंड्रीवाला, उद्यमबाग

तुकडा माझ्या वाळूमुळे गेला असेल तर लिहून देतो. तुमच्या समूहाने पाठवलेल्या जुन्या, झिजलेल्या पॅटर्नमुळे, म्हणजे साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यामुळे, गेला असेल तर नवा पॅटर्न कोणाच्या खर्चाने, ते आधी त्यांच्याकडून लिहून आणा.